‘कॉपीच ना?’ म्हणणाऱ्यांना



मुलं मार्गी लागली की एखादी बाई पुन्हा ब्रश हातात घेते. एखाद्या थोर चित्रकाराचं निसर्गचित्र समोर ठेवून महिनाभर खपते. आणि घरातून शेरा येतो, "छान आहे, पण कॉपीच ना?" त्या ‘कॉपीच’मधल्या ‘च’शी माझं भांडण आहे.

इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल घ्या. ‘द हे वेन’ हे त्याचं गाजलेलं निसर्गचित्र १८२१ सालचं. त्यानंतर १८२३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो सर जॉर्ज बोमॉन्ट या संग्राहकाच्या घरी राहून क्लोद लोरँचं एक निसर्गचित्र हुबेहूब उतरवत बसला होता. ते मूळ चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कॉन्स्टेबलला काय स्वतःचं काही सुचत नव्हतं?

बायकांसाठी तर कॉपी हीच शाळा होती. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दरवाजे मुलींना १८९७ पर्यंत बंद होते. बर्थ मोरिसो आणि तिची बहीण एदमा लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करायच्या, आई सोबतीला असायची. त्याच बर्थची चित्रं १८७४ मध्ये इंप्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात लागली. नकलेनं तिची नजर मारली नाही, घडवली.

काहीजणी विचारतात, ही चोरी नाही का? अचौर्याचं काय? अगं, न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. लूव्र तर रीतसर परवाना देतं, वर इझलही देतं. अट एवढीच, की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको आणि त्यावर मूळ चित्रकाराची सही नको. चोरी होते ती दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवताना. खाली ‘अमक्याच्या चित्रावरून’ लिहिलं, की लपवण्यासारखं काही उरतच नाही.

संग्रहालयात आपण चित्रासमोर किती थांबतो? फोन वर करायचा, फोटो काढायचा, पुढे चालायचं. उतरवायला बसलं, की मात्र पहिल्याच तासात गर्व उतरतो. झाडं हिरवी वाटत होती, ती जवळून तपकिरी निघतात. आकाश निळं वाटत होतं, ते क्षितिजाशी पिवळसर होत जातं. पुढची झाडी मुद्दाम गडद ठेवली म्हणून लांबचा उजेड उजळ दिसतो, हे हाताला कळल्याशिवाय डोळ्याला कळत नाही.

आजीच्या हाताखाली पुरणपोळी शिकलेल्या सुनेला ‘नक्कल केलीस’ असं कुणी म्हणत नाही. मग चित्रालाच हा न्याय का?

तेव्हा घरच्यांनो, तो ‘च’ गिळा. आणि बायांनो, शेजारच्या संग्रहालयात जाऊन विचारा, "इथे बसून चित्र उतरवू देता का?" नाही म्हणाले, तर का नाही, तेही विचारा.