हॉलमधला समुद्र

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तीन प्रश्न विचारतो. एक, हे खरंच खारं पाणी आहे? दोन, तो नेमो ना? आणि तीन, किती खर्च आला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी कौतुकानं देतो. तिसऱ्याच्या वेळी आई किचनमधून बाहेर येते. ती मूळची मालवणची. तिचं उत्तर ठरलेलं आहे, ‘इतक्या पैशात वर्षभराची सुरमई इली असती!’

तर दोस्तहो, आजचा विषय रीफ टँक. म्हणजे टीव्हीशेजारचा गोल्डफिशचा बाऊल नव्हे. खारं पाणी, त्यात खडक, खडकावर जिवंत प्रवाळ आणि त्यातून फिरणारे मासे. निळ्या लाइटमध्ये जाम भारी दिसतं. मीही फोटो बघूनच फसलो. बोनस नुकताच खात्यात पडला होता आणि हॉलमध्ये तीन फुटांची जागा रिकामी होती. यापेक्षा जास्त विचार केल्याचं आठवत नाही.

टाकी घेतली तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. साधारण १९० लिटर. त्यात खडक, वाळू, काच आणि स्टँड मिळवा, वजन तीनशे किलोच्या घरात जातं. म्हणजे चार धष्टपुष्ट पाहुणे एकाच कोपऱ्यात कायमचे मुक्कामाला. त्यामुळे टाकी भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवायची. बाल्कनीचा विचारही करायचा नाही.

आता पाणी. ‘मुंबईजवळ राहतोस, जुहूवरून कॅन भरून आण की’, असा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी किती असतं ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा ते विसरा. मरीन सॉल्ट नावाचं तयार मिश्रण मिळतं, त्यात साध्या मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मंडळी असतात. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे माझ्या टाकीला साडेसहा किलो! नळाचं पाणी आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढून त्यात हे मिश्रण विरघळवायचं. घनता १.०२५ आली की झालं.

झालं कुठलं! पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं आणि उरलेलं जास्त खारट होत जातं. मी पहिल्या आठवड्यात काय केलं? कमी झालेल्या पाण्याच्या जागी इमानदारीत खारं पाणी भरत राहिलो. थोडे दिवस असंच चाललं असतं तर हॉलमध्ये मिठागर झालं असतं. वाफेची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानं करायची. हा पहिला धडा.

दुसरा धडा महाग पडला. टाकी भरली, पंप सुरू झाला, पाणी काचेसारखं स्वच्छ. नवव्या दिवशी मी दोन क्लाउनफिश घेऊन आलो. दुकानदार म्हणाला होता, महिनाभर थांबा. पण मी आयटीवाला, डेडलाइन अलीकडे आणायची सवय. तीन दिवसांत दोन्ही मासे गेले. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण टेस्ट किटमधली नळी पिवळ्याची हिरवी झाली. अमोनिया!

फंडा असा आहे. माशांच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याला ‘सायकलिंग’ म्हणतात. तोवर टाकीत मासा सोडणं म्हणजे ड्रेनेजची लाइन जोडण्याआधी बिल्डिंगमध्ये कुटुंब राहायला पाठवणं. ते दोन मासे रोगानं मेले नाहीत, माझ्या घाईनं मेले. त्या रात्री आईनं सुरमईचा विषय काढला नाही.

मग थांबलो. दीड महिना रिकामी टाकी बघत बसलो. त्यात आधी सगळीकडे तपकिरी शेवाळ आलं, मग हिरव्या केसांसारखं आलं. या काळाला छंदातले लोक चक्क ‘अग्ली फेज’ म्हणतात. गोगलगायी सोडल्या, दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं, हळूहळू काच मोकळी झाली. ज्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटावेसे वाटले.

त्यानंतर आलेली क्लाउनफिशची जोडी आजही आहे. मुद्दाम हॅचरीत जन्मलेली घेतली. समुद्रातून पकडून आणलेल्यापेक्षा ती टाकीत चांगली रुळते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनंही या माशांचं हॅचरीत प्रजनन करून दाखवलं आहे. आणि गंमत सांगतो. सगळे क्लाउनफिश नर म्हणून वाढतात. गटातला सगळ्यात मोठा मादी होतो. ती मेली की तिचा जोडीदार मादी बनतो! म्हणजे २००३ सालच्या ‘फाइंडिंग नेमो’त आई गेल्यावर बाबांची आई व्हायला हवी होती. सिनेमात तेवढं दाखवलं असतं तर घरोघरच्या आईबापांची उत्तरं देताना वाट लागली असती.

प्रवाळ सगळ्यात शेवटी आलं. दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातलं बरंचसं देतं. बऱ्याचशा रंगालाही तेच कारण. एका दुकानदारानं मला हळू आवाजात विचारलं होतं, ‘साहेब, आपल्याच समुद्रातला पीस आहे, देऊ?’ मी नको म्हटलं. तुम्हीही म्हणा. आपल्याकडचे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. समुद्रघोडेही तिथेच. मी एका जुन्या छंदिष्टाकडून मऊ प्रवाळांचे तुकडे घेतले, दोन मशरूम आणि एक लेदर. जास्वंदीची फांदी तोडून दुसरीकडे लावावी, तसे हे तुकडे खडकावर धरतात आणि वाढतात. वर्षभरात रुपयाएवढे मशरूम बशीएवढे झाले.

आणि मग मे महिना आला. मावसभावाचं लग्न, आम्ही सगळे चार दिवस मालवणला. शेजारचा मुलगा माशांना खाणं घालत होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेलो. मास्क लावून डोकं पाण्यात घातलं आणि खाली प्रवाळ! टाकीतल्यासारखं चमकदार नाही, थोडं मातकट, पण कुणीही न लावता, विजेच्या बिलाविना वाढलेलं. वर आल्यावर गाइड म्हणाला, ‘पाय टेकू नका हां, मरतं ते.’ मी त्याला माझ्या टाकीचे फोटो दाखवले. फुशारकीच मारली म्हणा ना.

घरी परतलो तर दार उघडताच कळलं. टाकीखालून येणारा चिलरचा घरघराट नव्हता. मधे कधीतरी वीज गेली होती, परत आल्यावर पंप सुरू झाले, चिलर ट्रिप झाला तो झालाच. थर्मामीटरवर ३१.८. एरवी २६च्या वर जाऊ देत नाही. मासे होते. पण मशरूम पांढरेफटक, लेदर आकसून मुठीएवढं. उष्णता वाढली की प्रवाळ आतल्या शैवालाला बाहेर काढतं. रंग जातो, अन्नही जातं. याला ब्लीचिंग म्हणतात. प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असतं.

पाणी हळूहळू गार केलं, लाइट निम्म्यावर आणला आणि वाट बघितली. एक मशरूम गेला. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. बातम्या मी वाचल्या होत्या, वाचून पुढच्या पानावरही गेलो होतो. या वेळी मात्र त्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गोळ्याकडे बघताना त्यातला प्रत्येक अंश मोजता येत होता. माझ्याकडे निदान चिलरचं बटण होतं.

तुम्हाला टाकी लावायचीच असेल तर लावा, मी अडवणार नाही. फक्त मासे घेण्याआधी टेस्ट किट घ्या. चिलरचा खर्च आधी धरा. तापमान वाढलं की मोबाइलवर मेसेज येईल असा कंट्रोलर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन समजू नका. प्रवाळ हाताळताना हातमोजे घाला, झोअॅन्थिड नावाच्या काही देखण्या जाती भयंकर विषारी असतात. आणि सहा आठवडे थांबता येत नसेल तर सरळ सुरमई आणा.

चार महिन्यांनी दुसऱ्या मशरूमच्या कडेला हिरवट झाक दिसली. मला वाटलं लाइटचा भास असेल. संध्याकाळी आई मावशीशी फोनवर बोलत होती. लग्नाचा अल्बम, गुडघेदुखी, सगळं झालं. मग टाकीकडे बघत म्हणाली, ‘तां आता बरां आसा गो. रंग परत इलो.’