नूरीचा पाय

चूक आमचीच होती. मगरिबची अजान होत आली होती, पाचपैकी चार बदके खुराड्यात गेली होती आणि नूरी लाकडांच्या ढिगाखाली शिरून बसली होती. आम्ही हात घातला, हाताला पाय लागला तो धरला आणि ओढला. कोंबडीला असेच धरताना लहानपणापासून पाहिलेले. नूरी ओरडली, आणि सकाळी पाहतो तो उजवा पाय जमिनीला टेकेना.

अम्मी म्हणाल्या, "अरे, वेळेत जिबह कर. मुरदार झालं तर फेकून द्यावं लागेल." त्यात निर्दयपणा नव्हता. आमच्याकडे लंगडे पाखरू हंडीत जायचे, हाच घरचा रिवाज. पण सहावीतली धाकटी ताटावरून उठली. "अब्बा, पाय तुम्ही ओढलात ना? मग शिक्षा तिला का?" वर्गात पन्नास मुलांना गप्प करणारे आम्ही, गप्प बसलो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी चांगला पाय चाचपला, मग दुखरा. बोटे गरम आहेत का, तळव्याला सूज किंवा काळी खपली आहे का तेही पाहिले. तळव्याच्या जखमेत जंतू शिरले तरी बदक असेच लंगडते म्हणे. हाड शाबूत होते, सांधा दुखावला होता. मग आमची शाळा घेतली. बदकाचे अंग जड, पाय त्या मानाने नाजूक. पाय धरून उचलायचे नाहीच. दोन्ही हातांनी पंखांवरून धरायचे, मग पोटाखाली हात घालून कुशीत घ्यायचे. खायला काय घालता, हेही विचारले. बदकाच्या पिल्लाला नायसीन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवले तर पाय वाकतात, अधू होतात. आम्ही पाचही पिल्ले त्याच खाद्यावर वाढवली होती. नशीब, पाय वाकले नव्हते.

औषध वजनावर ठरते, म्हणून नूरीला दवाखान्यातच तोलले. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. (आमच्या मनात नेमके तेच होते.) औषध चालू असताना आणि नंतरही त्यांनी सांगितले तितके दिवस तिची अंडी खायची नव्हती. अम्मींना ते फार लागले. रोज अंडे पुरताना त्या काहीतरी पुटपुटायच्या.

भाजीच्या मोठ्या क्रेटमध्ये पेंढा पसरून नूरीला ठेवले, तेही खुराड्याच्या जाळीला लागून. बदक थव्यातले पाखरू, एकटे पडले की खाणे सोडते. पेंढा रोज बदलायचा, कारण ते एवढी ओल करते की विचारू नका. खाण्याशेजारी पाणी हवेच, आणि चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतके खोल. पाण्याविना कोरडा दाणा तिच्या घशात अडकतो.

चौथ्या दिवसापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून कपडे धुण्याच्या टबात कोमट पाणी भरून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे. पाण्यात पायावर भार येत नाही, पण वल्हवण्यासाठी तो हलवावा लागतो. पहिल्या दिवशी ती डाव्या पायानेच वल्हवत गोल फिरत राहिली. धाकटी टबाशी बसून फेऱ्या मोजायची. मग एका संध्याकाळी ओरडत आली, "अब्बा, सरळ गेली!" अम्मीही पाहायला उठल्या. पिसे कोरडी करायला जुना टॉवेलही त्यांनीच काढून दिला.

तीन आठवड्यांनी नूरीला बाकीच्यांत सोडले. चाल अजून थोडी तिरकीच आहे, शेवटच्या नंबराने खुराड्यात शिरते. बदके कोंडण्याचे काम मात्र आमच्याकडून गेले. मगरिबच्या आधी धाकटी दोन्ही हात पसरून त्यांच्या मागून हळूहळू चालत जाते, आणि आम्हाला फक्त दार धरून उभे राहण्याची परवानगी आहे.