छत्रीवरचा भरवसा

अग्निबाण उडताना पाहणारे पुष्कळ. त्याने नेलेली वस्तू उतरताना पाहणारे थोडे. आमच्या डिचोली महालात ही खोड जुनीच आहे. साखळीस विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या काठावरून कागदाचे वाफर आकाशात सोडतात, तेव्हा उजेडाचा ठिपका होईपर्यंत साऱ्यांच्या माना वर असतात. वाफर पुढे कोणाच्या कुळागरात पडला, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही.

२०२३ च्या नवरात्रात, २१ ऑक्टोबरच्या शनिवारी, श्रीहरिकोट्याहून ‘गगनयान’ योजनेतील जे चाचणी-उड्डाण झाले, ते मात्र उतरण्यासाठीच होते. अग्निबाण वाटेत बिघडला तर आतील माणसांना कसे सोडवावे, याची ती परीक्षा. कुपी अर्थात रिकामी होती. आठ वाजल्यापासून आमची मंडळी दूरदर्शन संचापुढे बसलेली. प्रथम हवामानामुळे वेळ लांबली. मग अवघे पाच सेकंद उरले असता संगणकानेच उड्डाण रोखले. “देवाने कौल दिला नाही म्हणायचा!” इति आमच्या वहिनी. कौल दहा वाजता मिळाला.

सुमारे बारा किलोमीटर उंचीवर सुटका-यंत्रणेने कुपी अग्निबाणापासून ओढून दूर नेली, आणि पुढे सारा भार कापडावर आला. एकंदर दहा हवाई छत्र्या! पहिल्या दोन केवळ झाकण ओढून काढतात. पुढच्या दोन वेग आवरतात व कुपी स्थिर करतात. हे न होता मोठी छत्री एकदम उघडली तर ती फाटायचीच. मग तीन लहान छत्र्या तीन मोठ्यांना बाहेर खेचतात. या मोठ्या छत्र्यांचा व्यास पंचवीस मीटर, आणि तिघींपैकी दोघी उघडल्या तरी निभावते. आग्र्याच्या संरक्षण संशोधन संस्थेचे हे काम; ज्वाळांच्या कौतुकात त्या शिवणीचे नाव कोण घेतो?

छत्रीवर किती अवलंबून असते, हे कोमारोव्ह या रशियन अंतराळवीराच्या मृत्यूने १९६७ च्या एप्रिलमध्येच जगाला कळले होते. त्याच्या सोयूझ यानाची मुख्य छत्री बाहेर आली नाही व राखीव छत्री गुंतली. २८ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेने ‘एरिस’ अग्निबाणाची चाचणी घेतली, ती दिसावयास डौलदार झाली. पण त्याचा पहिला टप्पा तीन छत्र्यांनी समुद्रात उतरायचा, त्यांतील एक निकामी झाली व दुसरी पुरती फुलली नाही. टप्पा पाण्यावर आपटून पोचला. तो परत मिळाला म्हणून निदान पोचा तरी पाहता आला. आपल्या चाचणीतील अग्निबाणाला छत्री नव्हतीच. वाचवायची होती ती कुपी.

ती किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरली. टाळ्या झाल्या. परंतु पाण्यात ती पालथी झाली होती, आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी ती ‘शक्ती’ जहाजावर पोचविली. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा धडा तो पालथेपणाच. वहिनींचा प्रश्नही तोच होता: “आत माणूस असता तर उलटा लोंबकळला असता ना, भाऊजी?” असता, वहिनी. म्हणून तर आधी रिकामी कुपी.

२४ ऑगस्ट २०२५ रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून सुमारे पाच टनांची नमुना-कुपी टाकून याच छत्र्यांची पुन्हा परीक्षा झाली. त्याच्या महिनाभर आधी, १५ जुलैस, गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी शुभांशु शुक्ला अमेरिकन कुपीतून कॅलिफोर्नियाच्या समुद्रात उतरले. त्या दुपारी वहिनींनी पडद्याजवळ जाऊन बोटाने छत्र्या मोजल्या. चारही उघडल्या होत्या.