काळीज विमानानं पोहोचतं, अडतं ते घरात आणि आयसीयूच्या दारात

नेसरी : बेळगावच्या सांबऱ्याकडं जाणारं विमान वरून गेलं की आमच्या शिवारातली पोरं अजून मान वर करतात. विमानाचं वेड असलेली पोरं गावोगावी आहेत. या विमानातून कधी कधी माणसाचं काळीजही जातं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यात मेंदूमृत झालेल्या ४२ वर्षांच्या महिलेचं हृदय विमानानं मुंबईला गेलं आणि मुलुंडच्या रुग्णालयात २२ वर्षांच्या तरुणाला बसवलं. एवढी घाई कशासाठी? काढलेलं हृदय साधारण चार ते सहा तासच टिकतं. यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, मूत्रपिंडाला त्याहून जास्त.

त्याआधी, सप्टेंबर २००८ मध्ये तामिळनाडूत १५ वर्षांचा हितेंद्रन दुचाकी अपघातात गेला. आई-बाप दोघंही डॉक्टर. त्यांनी अवयवदानाला होकार दिला. चेन्नई पोलिसांनी रस्ता मोकळा केला आणि हृदय ११ मिनिटांत दुसऱ्या रुग्णालयात पोचून ९ वर्षांच्या मुलीला बसवलं. त्यानंतर तिकडं अवयवदानाची चर्चा घरोघरी गेली.

आता आपल्याकडचं बघा. गडहिंग्लज-नेसरी-चंदगड रस्त्यावर दुचाकीचे अपघात काही नवे नाहीत. डोक्याला मार लागलेला पोरगा कोल्हापूरला नेईपर्यंत दोन तास तरी जातात. तिथं मेंदू मेला असं ठरवायलाही नियम आहेत. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. कायदा १९९४ चा आहे. कोल्हापूर भागातले अवयव कुणाला द्यायचे, ते पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादी बघून ठरवतं. म्हणजे यंत्रणा आहे. उजळाईवाडीला विमानतळही आहे. पण व्हेंटिलेटरवर छाती हलतीय, अंग गरम आहे आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला, हे आपल्या माणसांना पटणार कसं? त्यात रडारड सुरू असताना दानाची गोष्ट काढायची कुणी? समजावून सांगणारा समन्वयक वेळेवर भेटला नाही, तर वेळ निघून जाते.

२०२३ मध्ये देशभरात मृत्यूनंतर अवयव देणारे जेमतेम ११०० निघाले. त्याच वर्षी प्रत्यारोपणं झाली १८ हजारांवर. बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी, त्यातही बायकांनी दिलेले. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

फॉर्म भरला म्हणजे झालं, असंही नाही. ऐनवेळी सही जवळच्या नातेवाइकाचीच लागते. त्याला माहीतच नसेल तर खिशातलं कार्ड काय करणार?

खेड्यात जमण्यासारखी गोष्ट म्हणजे नेत्रदान. त्याला व्हेंटिलेटर लागत नाही आणि ते घरीच होतं. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, तरी चालतं.

परवा जेवताना मी हा विषय घरी काढला. आई म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या." बायको गप्प राहिली. भांडी आवरताना मात्र म्हणाली, "माझे डोळे द्या. बाकीचं नंतर बघू."