क्रूझ बंदरावर आठ तास थांबणार, मग व्हिसा कशाला? ७२ तासांचा नियम आहे, पण कागदावर

चुडावा (जि. परभणी) : जहाज सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या वेळेत गाव पाहायचे, काही खरेदी करायची आणि रात्री झोपायला पुन्हा जहाजावर यायचे. एवढ्यासाठी व्हिसा कशाला, हा प्रश्न मोबाइलवर क्रूझची जाहिरात पाहणाऱ्या कुणालाही पडेल. भारतीय पासपोर्ट असेल तर अनेक देशांसाठी तो लागतो. नसेल तर अडवणूक परदेशात नव्हे, प्रवास सुरू होतो त्या धक्क्यावरच होते. जहाजावर चढूच देत नाहीत आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे वाक्य तिकिटाच्या अटींमध्ये आधीच लिहिलेले असते.

समजा, चुडाव्यातल्या एका निवृत्त शिक्षक दाम्पत्याला मुलाने ग्रीसच्या क्रूझचे तिकीट काढून दिले. जहाज अथेन्सहून निघणार, तुर्कीतल्या कुशादासी बंदरावर एक दिवस थांबणार आणि मग ग्रीसच्या बेटांवर परतणार. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्यासाठी चुडाव्याहून मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. म्हणजे पूर्णा स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास. शिवाय प्रत्येकी ९० युरो शुल्क.

एवढे करूनही खरी मेख पुढेच आहे. तुर्कीचा नियम उदार आहे. क्रूझने येऊन बंदराचे शहर पाहणाऱ्या पर्यटकाला तिथे ७२ तासांपर्यंत व्हिसातून सूट मिळू शकते. पण कुशादासीला जहाज लागले की प्रवासी शेंगेनच्या बाहेर गेला. परत ग्रीसच्या बेटावर उतरणे हा दुसरा प्रवेश. हातातला व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो अथेन्सलाच वापरून झालेला असतो! अर्जात एक प्रवेश हवा की अनेक, असा रकाना असतो आणि शुल्क दोन्हींना सारखेच आहे. एका खुणेचा प्रश्न, पण ती खूण राहिली तर पूर्ण सहल पाण्यात.

सिंगापूरच्या क्रूझलाही हेच गणित लागू होते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला, त्यामुळे पेनांगला उतरायला अडचण नाही. पण विमानाने सिंगापूरला पोहोचणे हा एक प्रवेश आणि क्रूझ संपवून तिथेच उतरणे हा दुसरा.

अमेरिकेतल्या मराठी इंजिनीअर मंडळींची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. एच-१बीवर काम करणाऱ्याच्या पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली असली तरी राहण्याचा परवाना चालू असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येता येते. कॅरिबियन बेटांसाठी मात्र ही सवलत एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांना आहे, एच-१बीला नाही. मायामीहून बेटांवर जाणारी तीन दिवसांची क्रूझ अशा माणसाची नोकरी अडचणीत आणू शकते.

यावर उपाय नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय सागरी वाहतूक सुलभ करण्यासाठी १९६५ मध्ये झालेल्या करारात, ज्याला फॅल करार म्हणतात, क्रूझ प्रवाशांसाठी वेगळी तरतूद आहे. जहाज बंदरात ७२ तासांपेक्षा कमी थांबणार असेल, तर विशेष परिस्थिती सोडून प्रवाशांना व्हिसाची गरज असू नये. भारतही या करारात आहे. अडचण अशी की ‘विशेष परिस्थिती’ कोणती, हे प्रत्येक देशानेच ठरवायचे. एखादा नियम पाळणे शक्य नाही, असे कळवण्याची मुभाही करारातच आहे. दाराला कुलूप आहे, पण किल्ली ज्याच्या-त्याच्याकडे.

ज्यांनी मनावर घेतले त्यांनी मार्ग काढले. जपानने २०१५ पासून मान्यताप्राप्त क्रूझ जहाजांच्या प्रवाशांसाठी व्हिसाशिवाय उतरण्याचा खास परवाना सुरू केला. चीनने मे २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील बंदरांतून क्रूझने येणाऱ्या पर्यटक गटांना १५ दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. गट दोघांचाही चालतो, फक्त तो तिथल्या पर्यटन कंपनीमार्फत आलेला हवा. स्थलांतराबाबत हे दोन्ही देश ढिले आहेत, असे कुणी म्हणणार नाही.

प्रवासी उतरून परत आलाच नाही तर, ही भीती खोटी नाही. पण क्रूझवर उतरताना आणि चढताना प्रत्येकाचे कार्ड तपासले जाते. कोण परतले नाही हे जहाजाला सुटण्याआधीच कळते आणि प्रवाशांची यादी बंदराकडे आधीच पोहोचलेली असते. एवढी मोजणी विमानाने येणाऱ्या पर्यटकाची कुठेही होत नाही.

भारताला यात बोलण्याचा हक्क आहे आणि गरजही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले आणि पाच वर्षांत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. परदेशी प्रवाशांसाठी मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची आणि चेन्नई बंदरांवर ई-व्हिसा स्वीकारायला सुरुवात झाली. पण ई-व्हिसा हाही शेवटी व्हिसाच. आधी स्वतःच्या बंदरांवर ७२ तासांची सूट सरळ लागू करायची आणि मग ती भारतीयांसाठी मागायची, हा क्रम सरकारला जमण्यासारखा आहे.

तोवर निदान जाहिराती तरी सुधाराव्यात. भाड्याच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोणते व्हिसे, किती प्रवेशांचे, हे छापायची सक्ती व्हायला हवी. आज ते बुकिंगनंतरच्या अटींमध्ये शोधावे लागते. मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ निवडणाऱ्यांनीही हे तपासावे. पासपोर्ट-व्हिसाचा प्रश्न नसला तरी लक्षद्वीपच्या बेटांवर उतरायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. तो क्रूझ कंपनी काढून देणार की स्वतः काढायचा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.