सुट्टीतली सेवा

अनेक परदेशी तरुण सुट्टीत कंबोडियासारख्या उष्ण देशात जातात, पदरचे पैसे भरून अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवतात. हेतू चांगला; पण परिणाम काय? २००५ ते २०१० या काळात तिथले अनाथाश्रम १५४ वरून २६९ झाले. युनिसेफच्या २०११ च्या अहवालानुसार त्यांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा बाप हयात होता. मग ती अनाथ कशी? शिक्षण मिळेल या आशेने गरीब आईबापांनीच त्यांना तिथे ठेवले होते. पाहुण्याच्या दोन आठवड्यांच्या मायेला मूल बिलगते, आणि तो गेला की पुन्हा एकटे पडते. आपली शिकलेली मुले जाणार असतील तर त्यांना सांगा : अनाथाश्रम नको, हाती कसब असेल तर तिथल्या शिक्षकांना द्या. मूल आईजवळ राहून शाळेत जावे, हीच खरी सेवा.