चाळकेवाडीचं पठार उन्हाळ्यात रिकामं नसतं

चाळकेवाडी-ठोसेघर परिसरातील ग्रामस्थ, पर्यटक आणि छायाचित्रकार मंडळींना कळकळीची विनंती.

पावसाळा सरता सरता सड्यांवर फुलं येतात, तेव्हा आपण सगळेच जपून पाऊल टाकतो. कासला तर रोज किती माणसं सोडायची याचीही मर्यादा असते. मार्च उजाडला, गवत वाळलं की मात्र पठार कुणाचंच नसतं. गाड्या वाटेल तिथे घुसतात, गवताला काडी लागते. आणि नेमका तोच इथल्या सरड्याचा विणीचा हंगाम!

'सरडा सुपर्बा' हे त्याचं शास्त्रीय नाव. २०१६ साली नवी प्रजाती म्हणून त्याची जगाला ओळख झाली, ती याच चाळकेवाडीच्या पठारावरून. एरवी मातीच्या रंगात मिसळून जाणारा नर उन्हाळ्यात दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग झळकतात. मादीला बोलावण्याची आणि दुसऱ्या नराला बजावण्याची त्याची हीच रीत.

पवनचक्क्यांजवळ हे सरडे भरपूर दिसतात, मग काळजी कसली, असं काहीजण विचारतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की चक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले म्हणून तिथे सरडे वाढले. पण ते अंगानं रोडावलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते. नुसती संख्या पाहून निर्धास्त राहू नये, असं आम्हाला वाटतं.

गुरं चारायला आमचा मुळीच विरोध नाही. ती इथं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत. पण गवत जाळू नका. जाळलं की नवं गवत जोमानं येतं म्हणतात, मात्र त्या आगीत सरड्याचं खाद्य असलेले किडे आणि त्याचा आडोसा दोन्ही जातात. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. मादी मातीत उकरून अंडी घालते, ती चाकाखाली आलेली कुणाला कळतही नाहीत. सड्यावरचे दगड बांधकामाला किंवा शेकोटीला उचलू नका. छायाचित्रकारांनो, सरड्याच्या मागे धावू नका आणि गळा उघडावा म्हणून त्याला हातात तर मुळीच धरू नका. रस्त्याकडेला गाडीतच शांत बसलात, तर तो आपणहून दगडावर येतो.

ग्रामपंचायतींनी फेब्रुवारीतच हा विषय ग्रामसभेत घ्यावा. वणवा दिसल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावं.